मूळ रंगाशी इमान: जुन्या मोटारींच्या लाकूडकामावरील पुस्तिकेची प्रस्तावना

जुन्या मोटारीचे इंजिन पुन्हा सुरू करून देणारे मिस्त्री आपल्याकडे आजही आहेत. पत्रा ठोकून सरळ करणारे डेंटर आहेत, रंगाचे पेंटर आहेत, गाद्या शिवणारे आहेत. काम अडते ते लाकडापाशी. डॅशबोर्डची अक्रोडाची फळी, दरवाज्याच्या काचेखालची पट्टी, ग्लोव्ह बॉक्सचे झाकण, लाकडी आऱ्यांची चाके, शिकारी गाडीची सागाची बॉडी: यातले काहीतरी एक वाळवीने खाल्लेले किंवा पाण्याने फुगलेले असते आणि बाकीचे शाबूत असते. खराब झालेला तुकडा नवा घडवता येतो. चांगला सुतार तो एका दिवसात अचूक मापाचा करून देतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. नवा तुकडा जुन्या तुकड्यांच्या शेजारी बसला पाहिजे आणि बघणाऱ्याला त्यातला नवा कोणता हे कळता कामा नये.

बहुतेक ठिकाणी यावर एकच सोपा उपाय केला जातो. सगळेच तुकडे पॉलिश पेपरने घासून कोरे करायचे, दुकानातून ‘वॉलनट’ किंवा ‘रोझवूड’ नावाची डबी आणायची, एक हात मारायचा आणि वर मेलामाइनचा चकचकीत थर द्यायचा. रंग सारखा येतो, मालक खूश होतो. पण त्या घासण्यात कारखान्यातल्या कारागिराने दिलेला रंग, त्याची लाख, त्याची भरणी आणि त्यावर साचलेली सत्तर-ऐंशी वर्षे कायमची जातात. इंजिनाचा भाग परदेशातून मागवता येतो, टायर नवे मिळतात. घासून टाकलेला मूळ रंग जगाच्या पाठीवर कुठेही विकत मिळत नाही. म्हणून या सगळ्या पुस्तिकेचे सांगणे एका वाक्यात आहे: लाकडाचा मूळ रंग डबीवरच्या नावात शोधू नका, तो त्याच गाडीतल्या त्याच लाकडावर शोधा.

ही पुस्तिका पांढुर्ण्यातून निघते आहे याचे काही वाचकांना नवल वाटेल. जुन्या गाड्यांचे संग्रह मुंबई-पुण्याचे, इंदूरचे, फार तर नागपूरचे. पांढुर्णा म्हटले की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जांब नदीतली गोटमारीची दगडफेक आठवते, नाहीतर संत्री. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्ण्यासह छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. या सगळ्या उलथापालथीत आमच्या घरातली भाषा मराठीच राहिली आणि बाजार नागपूरचाच राहिला. आणखी एक गोष्ट जागच्या जागी राहिली: लाकूड रंगवायला आणि राखायला जे जे लागते, ते जवळजवळ सगळे या सातपुड्याच्या पट्ट्यात उगवते.

साग तर इथला आहेच. लाकडाच्या वखारीत आजही ‘सीपी साग’ असे म्हणतात, ते जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचे म्हणजे याच मुलखाचे नाव. गोटमारीत नदीच्या मधोमध झेंडा म्हणून रोवतात त्या पळसावर लाखेचे किडे पोसले जातात. पळसावरची ती रंगीनी लाख, कुसुमाच्या झाडावरची ती कुसमी. जवळच्या सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांत ही लाख गोळा होते, धुऊन-गाळून तिची चपडी होते, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिशवाल्याची लाख तयार होते. युरोपातले उत्तमोत्तम लाकूडकाम दीडशे-दोनशे वर्षे ज्या लाखेने चमकले ती मुख्यतः भारतातून जात होती. तिच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली, इतके तिचे मोल होते. विदर्भाच्या काळ्या जमिनीतले जवस लाकडाला तेल पुरवते. खैराचा कात तपकिरी रंग देतो. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की लाकूड काळपट होते. गेरू आणि पिवळी माती भरणीला रंग देतात. लंडन-कोव्हेंट्रीच्या कारखान्यात जी सामग्री बोटीने जात असे, तिच्या उगमाशी आपण बसलो आहोत.

सामग्रीइतकेच महत्त्वाचे इथले हात. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ कुठे लावायची आणि कण्याला धावडा का, हे वाढयाला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी मिरवतात. घरोघरचे जुने नंदी दरवर्षी त्या सणाआधी पुसून, घासून, पुन्हा रंगवून उभे केले जातात, म्हणजे जुन्या लाकडावर नवा हात कसा बसवायचा याची उजळणी आपल्या गावात वर्षानुवर्षे चालू आहे. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली. त्या रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात भारतातल्या डब्यांची बॉडी सागाची असे आणि ती राखण्यासाठी वर्कशॉपांत सुतार व पॉलिशवाले असत. त्या नॅरोगेजच्या आठवणी नागपूरला मोतीबागच्या संग्रहालयात २००२ पासून जपल्या आहेत. पण हातातले कसब संग्रहालयात ठेवता येत नाही. ते कामातूनच पुढच्या हातात जाते, आणि जुन्या मोटारींचे लाकूड हे असे एक काम आहे ज्याला आजही चांगले दाम मिळू शकतात.

मोटारीत लाकूड होते कशासाठी, हे नीट समजल्याशिवाय त्याच्या रंगाचा विचार करता येत नाही. पहिल्या मोटारी घोडागाड्या बनवणाऱ्यांच्याच हातून घडल्या, त्यामुळे बॉडीचा सांगाडा लाकडाचा आणि वरून पत्रा ही पद्धत तिथूनच आली. फोर्डच्या मॉडेल टीच्या चाकांचे आरे हिकरीच्या लाकडाचे होते. इंग्लंडमध्ये सांगाड्याला अ‍ॅश वापरत, आणि मॉर्गन कंपनी आजही वापरते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा होता. हे सगळे झाकलेले लाकूड. त्याला ताकद हवी, रंगाची चिंता नाही. दुसरा प्रकार उघड्या बांधणीचा. क्रायसलरने १९४१ मध्ये आणलेल्या टाउन अँड कंट्रीची अ‍ॅशची चौकट आणि महोगनीच्या फळ्या बाहेरूनच दिसत. मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची मागची बाजू १९५३ पासून १९७१ पर्यंत अ‍ॅशच्या उघड्या चौकटीची होती. इथे लाकडाला रंग जवळपास नसतोच, वरून वार्निश असते, आणि ऊन-पावसाने जे काळे डाग पडतात तेच पुनर्बांधणी करणाऱ्याची खरी डोकेदुखी. तिसरा प्रकार आतल्या सजावटीचा: डॅशबोर्ड, दरवाज्यांच्या पट्ट्या, मागच्या सीटसमोरची घडीची टेबले. इथे साध्या लाकडावर अक्रोडाचे पातळ व्हीनिअर चिकटवलेले असते, बहुधा गाठीचे. एकाच ओंडक्याची लागोपाठची दोन पाने पुस्तकासारखी उघडून डावी-उजवी लावलेली असतात, म्हणजे रेषा आरशात बघावे तशा जुळतात. रंग मिळवण्याची सगळी परीक्षा या तिसऱ्या प्रकारात होते.

भारतात या प्रत्येक प्रकाराला आपले वळण मिळाले. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. मोठ्या गाड्यांची चासी परदेशातून यायची आणि बॉडी इथे बांधली जायची, तेव्हा अ‍ॅशच्या जागी साग येणे स्वाभाविक होते. वाळवी आणि दमट हवा या दोन्हींना सागाइतके उत्तर दुसऱ्या लाकडाकडे नाही. संस्थानिकांच्या शिकारी गाड्या, मळ्यांवरच्या स्टेशन वॅगन, प्रवासी बस यांची बॉडी लाकडाची असे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली एसटीची पहिली बेडफर्ड बसही लाकडी बॉडीचीच होती. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक आजही दिमाखात निघते आणि रस्त्याच्या दोन्ही कडेला लोक तिला बघायला थांबतात. जुनी मोटार ही केवळ एका घराण्याची मालमत्ता राहत नाही, ती गावाच्या आठवणीचा भाग होते, हे तिथे दिसते. आमच्या मध्य प्रदेशात बडवानीच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह यांनी जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीला प्रतिष्ठा मिळवून दिली. मुंबईच्या इतिहासकार शारदा द्विवेदी यांच्याबरोबर त्यांनी संस्थानिकांच्या मोटारींवर लिहिलेला ग्रंथ २००३ मध्ये आला. २००८ मध्ये मुंबईत भरलेल्या कार्टियरच्या जुन्या मोटारींच्या स्पर्धेची मांडणीही त्यांचीच होती. अशा स्पर्धांत परीक्षक दार उघडून आत वाकतात तेव्हा त्यांची नजर लाकडाच्या पट्टीवर थांबते. मराठीत मात्र या लाकडावर कारागिराच्या हाती देता येईल असे काही नव्हते, आणि ती उणीव हेच या लेखनाचे कारण.

लाकडाचा दिसणारा रंग चार गोष्टींचा मिळून होतो. तळाला लाकडाचा स्वतःचा रंग. त्यावर दिलेला स्टेन आणि रंध्रांत बसलेली भरणी. त्यावर लाख, वार्निश किंवा लॅकरचा थर, आणि त्या थराला स्वतःची पिवळसर किंवा नारिंगी झाक असते. चौथा हात काळाचा. ऊन अक्रोडाला फिके करते, महोगनीला गडद करते, आणि सागाचे तर विशेषच: नुकताच रंधलेला साग हिरवट-पट्टेदार दिसतो आणि उजेडात राहिला की काही दिवसांत सोनेरी तपकिरी होतो. या चारांपैकी तिघांना विसरून फक्त स्टेनच्या डबीने काम भागवायला गेले की रंग कधीच जुळत नाही, कितीही डब्या आणल्या तरी. ज्याला रंग मिळवायचा आहे त्याने हे चारही थर वेगवेगळे वाचायला शिकावे. पुस्तिकेची पहिली चार प्रकरणे याच क्रमाने लिहिली आहेत.

सगळ्यात आधी एक साधी खात्री करावी लागते: समोर आहे ते लाकूडच आहे का? १९३० आणि ४० च्या दशकांतल्या अनेक अमेरिकन गाड्यांचा डॅशबोर्ड पत्र्याचा आहे आणि त्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या आहेत. खाली तपकिरी रंग, त्यावर कोरलेल्या पाट्यावरून रोलरने उचललेली शाईची नक्षी आणि वर पारदर्शक थर, असे ते काम असे. अशा पत्र्यावर नवे व्हीनिअर चिकटवणे म्हणजे गाडीला तिच्यात कधी नव्हती ती गोष्ट देणे. लाकूडच असेल तर ते कोणते हे ठरवावे. इथे भारतीय कारागिराला एक मोठी सोय आहे. इंग्लिश गाड्यांत वापरलेला युरोपीय अक्रोड आणि काश्मीरचा अक्रोड ही एकच जात आहे. म्हणून सागावर किंवा शिसमावर गडद रंग चढवून त्याला अक्रोड म्हणवण्याची गरज नाही. स्टेन रंग देतो, रेषा देऊ शकत नाही. सागाची लांब, सरळ रंध्रे कोणत्याही रंगाखाली सागाचीच दिसतात. आत दडलेला सांगाडा सागाचा केला तर ते शहाणपण आहे. दिसणारी पट्टी मात्र मूळ जातीचीच हवी.

मग मूळ रंगाचा शोध. तो उन्हापासून लपलेल्या जागी सापडतो: मीटर काढल्यावर त्याच्या कड्याखाली, बिजागरीच्या पट्टीमागे, कुलपाच्या चकतीखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या कडेला. तिथे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग बोटभर जागेत शिल्लक असतो. स्क्रू काढण्याआधी फोटो घ्यावा, रंगपट्टी शेजारी ठेवून घ्यावा. ती बोटभर जागा पुसू नये, घासू नये, तिच्यावर नवा थर चढू देऊ नये. काम पूर्ण झाल्यावरही ती तशीच कड्याखाली राहिली पाहिजे, म्हणजे पन्नास वर्षांनी गाडी उघडणाऱ्यालाही पुरावा मिळेल.

वरचा थर कशाचा हे कळायला अशाच एखाद्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावावा. थर मऊ पडून चिकटला तर लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरने विरघळला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद न देणारा थर तेलाच्या वार्निशचा किंवा नंतर कोणी दिलेल्या आधुनिक पॉलिशचा. या चाचणीतून काळही कळतो. १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपाँचे ‘ड्यूको’ लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले आणि झपाट्याने सगळ्या उद्योगात पसरले. आपल्याकडे फर्निचरच्या फवाऱ्याच्या रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात ते तिथूनच. १९२० च्या दशकाच्या आरंभीच्या गाडीवर लाख-वार्निश अपेक्षित आहे, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाडीवर लॅकर. थर जुळला नाही तर खालचा रंग जुळूनही तुकडा वेगळा दिसतो, कारण दोन्ही थरांची झाक आणि चमक वेगळी असते.

आता ज्या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतात तो: जुळवायचे कोणत्या रंगाशी? कड्याखाली दिसणाऱ्या कारखान्यातल्या रंगाशी, की शेजारच्या पट्टीच्या आजच्या, ऊन खाल्लेल्या रंगाशी? माझे उत्तर स्पष्ट आहे. जुने तुकडे राखण्याजोगे असतील तर ते राखावेत, आणि नवा तुकडा त्यांच्या आजच्या रंगाशी जुळवावा. गाडीचे वय तिच्या लाकडावर दिसणे हा दोष नाही. सगळेच तुकडे नव्याने करावे लागत असतील तेव्हा मात्र कड्याखालचा रंगच प्रमाण. एकदा हा निर्णय घेतला की पुढची सगळी निवड सोपी होते. पहिल्या मार्गात फिकट स्टेन, वरच्या थरात मिसळलेली किंचित पिवळी झाक, रंध्रांत जुन्या धुळीचा गडदपणा हे सगळे हळूहळू बांधावे लागते. दुसऱ्या मार्गात कारखान्याची कृतीच पुन्हा करायची असते.

रंग मिळवण्याची जागा गाडी नव्हे, नमुनापट्टी. ज्या व्हीनिअरचा तुकडा बसवणार त्याच पानाच्या कापलेल्या पट्ट्या घ्याव्यात आणि त्याच नंबरच्या पेपरने घासाव्यात, कारण खरखरीत लाकूड जास्त रंग पिते आणि गुळगुळीत लाकूड कमी. पाण्यातला रंग देण्याआधी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, उठलेले रेशे हलक्या हाताने काढावेत. रंग आधी फिका द्यावा, गडद करणे नेहमी हातात असते. प्रत्येक पट्टीवर भरणी आणि वरचा थर पूर्ण करूनच रंगाचा निवाडा करावा, कोरड्या स्टेनवर करू नये. पावडर वजन करून घ्यावी आणि पट्टीच्या पाठीवर लिहावी: किती ग्रॅम, किती पाणी किंवा स्पिरिट, किती हात. अंदाजाने मिळवलेला सुंदर रंग दुसऱ्यांदा मिळत नाही. लिहून मिळवलेला रंग मुलालाही मिळतो.

रंगाचे पदार्थ दोन कुळांतले. मातीचे रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, अंबर, हे लाकडावर बसतात, ऊन सोसतात, पण जास्त दिले तर रेषा झाकतात. रासायनिक रंग लाकडात मुरतात, रेषा उजळ ठेवतात, पण उन्हात उडतात. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला आणि पुढच्या काही दशकांत निग्रोसिन, बिस्मार्क ब्राउन असे रंग पॉलिशवाल्यांच्या हाती आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अक्रोडाच्या उबदार रंगात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि मोकळ्या डॅशबोर्डवरचा तो रंग उडालेला असण्याचे कारणही तेच. रेशांसाठी मुरणारा रंग आणि रंध्रांसाठी मातीचा रंग असे दोन्ही वापरले की जुने काम जवळ येते.

उजेडाविषयी वेगळे प्रकरण आहे, कारण चांगल्या कारागिरांचे काम इथेच फसते. ट्यूबलाइटखाली एकजीव दिसलेले दोन तुकडे उन्हात नेले की एक लालसर, एक हिरवट दिसतो. दोन रंग वेगवेगळ्या पदार्थांनी बनलेले असले की एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाकतात. कापडगिरण्यांत शेड तपासायला ठराविक उजेडाच्या पेट्या असतात, दिवसाच्या उजेडासाठी ६५०० केल्विनचा दिवा प्रमाण मानतात. आपल्याला एवढे यंत्र नको. उत्तरेच्या खिडकीत, भर उन्हात आणि पिवळ्या बल्बखाली अशा तीन ठिकाणी पट्टी गाडीच्या तुकड्याला लावून बघावी, आणि उभे राहून, वाकून, दोन्ही बाजूंनी बघावी, कारण गाठीच्या लाकडाची झळाळी कोनाप्रमाणे पालटते.

आमच्या हवेचे काही नियम विदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. नागपूरकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीच्या काचेमागे त्याहून कितीतरी जास्त, आणि सरसाने चिकटवलेले जुने व्हीनिअर तिथे उचलते. पावसाळ्यात लाखेचा हात दिला तर हवेतल्या ओलीने पांढुरकी साय धरते. म्हणून शेवटचे हात दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत द्यावेत. विरघळवलेली लाख फार दिवस ठेवू नये, जुनी लाख नीट वाळत नाही. सागावर काहीही देण्याआधी त्याचे तेल थिनरने पुसावे, नाहीतर थर धरत नाही. स्क्रूभोवतीचे लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात, पण ते विष आहे, हातमोजे आणि मास्क लावूनच वापरावे. जुन्या कृतींत पोटॅशियम डायक्रोमेट येते. ते कर्करोगकारक आहे आणि या पुस्तिकेतल्या एकाही कृतीत ते नाही. आणि जवसाच्या तेलाचे फडके कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेते. पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच.

एवढा आटापिटा कशासाठी, असे कोणी विचारेल. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा १९६६ पासून काम करते. तिने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या ट्यूरिन सनदेचा गाभा असा आहे की जुने वाहन ही संस्कृतीची ठेव आहे, त्यात हस्तक्षेप कमीत कमी करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. आपल्या सरकारनेही जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर दिला. नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क ठेवले. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही त्यातली अट. लाकडाच्या रंगाचा त्यात उल्लेख नाही, आणि तो कायद्याने येणारही नाही. तो कारागिराच्या आणि मालकाच्या सचोटीवर राहतो. म्हणूनच त्याला मी इमान म्हणतो.

पुस्तिकेच्या पहिल्या भागात लाकूड, स्टेन, थर आणि काळ यांची ओळख आहे. दुसऱ्या भागात तपासणी, नमुनापट्टी आणि उजेड. तिसऱ्या भागात तीन प्रकारची कामे टप्प्याटप्प्याने दिली आहेत: अक्रोडाचा डॅशबोर्ड, अ‍ॅशची उघडी चौकट आणि सागाची बॉडी. शेवटी कोरा नोंदतक्ता आहे, तो झेरॉक्स काढून प्रत्येक गाडीबरोबर ठेवावा. भाषा मुद्दाम दुकानातली ठेवली आहे. पॉलिशवाला ज्याला ‘हात’ म्हणतो त्याला इथेही हातच म्हटले आहे. पांढुर्णा, सौंसर आणि नागपूर इथल्या ज्या वाढयांनी व पॉलिशवाल्यांनी आपल्या कृती न लपवता सांगितल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. या व्यवसायात कृती लपवण्याची रीत जुनी आहे, तिला त्यांनी बाजूला सारले.

वाचकांना शेवटी तीन विनंत्या. गाडीमालकांनी लाकडाचा एकही जुना तुकडा, कितीही कुजका असला तरी, फेकू नये. त्याच्यावरचा नखाएवढा रंगही उपयोगाचा असतो. कारागिरांनी आपण बसवलेल्या प्रत्येक नव्या तुकड्याच्या पाठीवर साल आणि कृती लिहावी, म्हणजे पुढच्याला जुने-नवे ओळखता येईल. आणि आयटीआयच्या सुतारकामाच्या शिक्षकांनी लाखेचे पॉलिश आणि रंग जुळवणे हे विषय मुलांना हातात काम देऊन शिकवावेत. लाख आपली, साग आपला, हात आपले आहेत. हे कसब आपल्याच मुलखात मोडीत निघू देऊ नका.